पोटाखालचा पत्रा

"ठोकून बघा," गाडीखालून मेस्त्री म्हणाला. "तुमच्याच हातानं ठोका, आणि डब्याच्या झाकणासारखा आवाज येतो की नाही ते मला सांगा."

गाडीचा मालक वाकला नाही. त्याच्या पायांत डोंगर चढायचे जाड तळव्यांचे बूट होते आणि तळव्यांच्या खाचांत चिखलाचा कणही नव्हता. गाडीखालून मेस्त्रीला माणसांचे पायच तेवढे दिसत. एकेचाळीस वर्षांत तो पायांवरून माणूस ओळखायला शिकला होता, निदान त्याला स्वतःला तसं वाटत असे. या बुटांबद्दलचं त्याचं मत पहिल्या मिनिटातच होऊन गेलं होतं.

मालकाचा प्रश्न साधा होता. पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर आडवाटेनं गाडी घालायची आहे, तर इंजिनाखाली जो पत्रा आहे त्याच्या मागे, गिअरबॉक्सखाली, आणखी एक लावून घ्यावा का? मेस्त्रीनं उत्तर द्यायला पाऊण तास घेतला. आधी त्यानं असलेलाच पत्रा उतरवला. आठ बोल्ट, त्यातले तीन गंजून बसलेले. मग तो पत्रा ताटासारखा दोन्ही हातांनी बाहेर आणून मालकाच्या बुटांपुढे ठेवला. त्यात वाळलेली पानं होती, कागदी कपाचं झाकण होतं, मातीचा थर होता, आणि या सगळ्याच्या तळाला काळं ओशट तेल साचलेलं होतं.

"हे तेल इंजिनाचं," मेस्त्री म्हणाला. "किती महिने गळतंय? नाही सांगता येणार तुम्हाला. कारण थेंब जमिनीवर पडलाच नाही. गाडीला तोंड नसतं, साहेब. ती ठिबकून बोलते. तुम्ही तिच्या तोंडाला फडकं बांधलंत, आणि आता दुसरं बांधायला निघालात."

मालक म्हणाला, की समोरच्या दुकानदारानं तर हेच सर्वांत आधी लावायला सांगितलं. मेस्त्रीनं रस्त्यापलीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

रस्त्यापलीकडचं दुकान त्याच्या मेहुण्याचं होतं. बायकोचा धाकटा भाऊ. दुकानात टपावरचे रॅक, पुढचे जाडजूड बंपर, धुक्यातले दिवे, सीटची कव्हरं आणि भिंतीला टांगलेले हे पत्रे. मेस्त्री त्याला शोभेचं दुकान म्हणत असे आणि मेहुण्याला शोभावाले. मेहुणा हसून म्हणायचा, "दाजी, माझ्या शोभेवर तुमचं गॅरेज चालतं. मी लावतो, तुम्ही काढता." बोलणं खरं होतं, म्हणूनच मेस्त्रीला ते झोंबायचं. बायको दोघांनाही एकाच थर्मासमधून चहा पाठवायची आणि या भांडणात कधी पडायची नाही.

मेस्त्रीच्या गॅरेजात एक पद्धत होती. संध्याकाळी शटर ओढण्याआधी तो प्रत्येक गाडीखाली खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा पसरायचा आणि त्यावर खडूनं गाडीचा नंबर लिहायचा. सकाळी आल्या आल्या सगळे पुठ्ठे गोळा करून उजेडात नेऊन वाचायचा. काळा डाग इंजिनाच्या तेलाचा, लालसर गिअरचा किंवा स्टिअरिंगचा, हिरवट रेडिएटरच्या पाण्याचा. नुसता ओला, रंग नसलेला डाग एसीचा, त्याला भ्यायचं कारण नाही. डाग कुठं पडला आणि केवढा पसरला यावरून कुठलं सील गेलं आणि अजून किती दिवस चालेल हे तो बॉनेट न उघडता सांगायचा. त्याची लेक चार वर्षांची असताना त्याच्याशेजारी उकिडवी बसून हे बघायची. शाळेत रंग शिकवायला घेतले तेव्हा बाईंनी हिरवा कशाचा म्हणून विचारलं. बाकीची मुलं पानाचा म्हणाली, ही म्हणाली रेडिएटरचा. ही गोष्ट मेस्त्री अजूनही सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज जरा मऊ व्हायचा. एरवी तो तसा होत नसे.

पत्र्यांबद्दलचं त्याचं मत वाऱ्यावरचं नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत त्यानं दोनशेच्या वर पत्रे उतरवले होते, आणि दर वेळी तो पत्रा उलटा करून खालची बाजू बघितली होती. ओरखडे असायचे, गतिरोधकाचे. बोटाचं टोक बसेल एवढा खड्डा त्यानं एकाही पत्र्यावर पाहिला नव्हता. म्हणजे काय, तर जो मार लागतच नाही त्याच्यासाठी ही माणसं चिलखत घालून हिंडतात. वर त्या पत्र्यात पाला साचतो, गरम सायलेन्सरजवळ तो पेट घेऊ शकतो. तेल बदलायला आठ बोल्ट काढावे लागतात, म्हणून आळशी माणूस तेलच बदलत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, खाली पत्रा आहे म्हटलं की माणूस समोरचा दगड बघेनासा होतो. हे सगळं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. कुणी वाद घातला तर त्याच्या बुटांकडे बघायचा.

बूटवाल्याची गाडी गेली आणि त्याच दुपारी लेकीची आली.

लेक गुरांची डॉक्टर होती. सरकारी फिरत्या दवाखान्यात तिला नोकरी लागून चार महिने झाले होते, आणि सहा महिने झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती. गाडी स्वतःची वापरायची होती. तिनं जुनी, चारही चाकांना जोर देणारी एक गाडी घेतली होती आणि मेस्त्रीनं ती चार रविवार खपून नीट केली होती. नोकरीच्या नियमांत एक नियम कडक होता. चालवणाऱ्याच्या चुकीनं गाडी वाटेत दोनदा बंद पडली, तर नाव कापायचं. लेकीची एक चूक आधीच लागली होती. एका गोठ्यात गाय अडली होती. ही दिवे चालू ठेवूनच आत धावली, आणि वासरू बाहेर येईपर्यंत बॅटरी उतरली. वासरू जगलं, पण रजिस्टरात वासराची नोंद करायला रकाना नव्हता.

आता तिच्याकडे वरच्या पठारावरच्या वस्त्या आल्या होत्या. मामानं कौतुकानं भाचीच्या गाडीला आपल्या दुकानातला पत्रा फुकट बसवून दिला होता.

मेस्त्रीनं गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली, खाली उतरून दिवा लावला आणि पत्र्यावर बोटांनी ठोकून पाहिलं. मग त्यानं लेकीलाही खाली बोलावलं.

"हे बघ. तेलाची परात, म्हणजे आपलं चेंबर. आणि हा तुझ्या मामाचा पत्रा. मध्ये अंतर किती?"

लेकीनं बोट घालून पाहिलं. बोट शिरत नव्हतं.

मेस्त्रीनं तिला शाळेतल्या मुलासारखं समजावलं, कारण यंत्र समजावताना त्याला धीर असायचा, तो फक्त माणसांच्या बाबतीत संपायचा. पत्रा चेंबरला चिकटून असला तर दगडाचा मार पत्रा खात नाही, तसाच वर पोचवतो. त्यातून हा पत्रा पातळ, हातानं वाकेल असा. तेल काढायच्या बोल्टखाली भोक ठेवलेलं नाही. आणि बसवलाय कशावर, तर रेडिएटरखालच्या नाजूक पट्टीवर, गाडीच्या सांगाड्यावर नव्हे. म्हणजे दगड लागला तर पत्रा, पट्टी आणि रेडिएटर, तिन्ही एकदम जाणार. शोभावाल्यानं भाचीला मरायचं सामान भेट दिलंय, असं म्हणून त्यानं पाना लावला.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "हा वाईट आहे, कबूल. मग तुम्ही चांगला करून द्या ना, बाबा. वर दगड फार आहेत."

"चांगला पत्रा अशी काही वस्तू नसते."

"जाड घेतला, अंतर ठेवलं, भोक ठेवलं तर?"

"तर तो जाड फडकं होईल," मेस्त्री म्हणाला. "दोनशे पत्रे बघितलेत मी. तू डोळे उघडे ठेवून चालव. पत्रा नसला की माणूस दगड बघतो."

लेकीनं आणखी काही विचारलं नाही. लहानपणापासून गाडीच्या बाबतीत तिनं बापाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. पत्रा निघाला. मेस्त्रीनं तो रस्ता ओलांडून मेहुण्याच्या दुकानाच्या पायरीवर आपटला आणि एक शब्द न बोलता परत आला. बोलला असता तर अपमान कमी झाला असता.

सतराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मेहुणा रस्ता ओलांडून गॅरेजात आला. तो स्वतःहून कधी येत नसे. मेस्त्रीला वाटलं, पुन्हा काहीतरी खिल्ली उडवायला आलाय.

"दाजी, हात पुसा आणि चला," मेहुणा म्हणाला. "पोरीची गाडी वर बसलीय. चेंबर गेलं."

मेस्त्रीनं आधी खिशातला फोन काढून पाहिला. त्यावर लेकीचा फोन येऊन गेल्याची खूण नव्हती.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. माझ्याकडे ओढून आणायचा दोर आहे ना," मेहुणा म्हणाला, आणि घाईघाईनं दुसरीकडे बघू लागला. दोर मेस्त्रीकडेही होता. दोघांनाही ते माहीत होतं.

मेहुण्याच्या पिकअपमधून ते निघाले. मेस्त्रीनं तेलाचे दोन डबे, घासायचं पेट्रोल, पुट्टी आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली होती. वाटेत तो मनात भाषण जुळवत होता. वेगात घेतली असणार. फोनवर बोलत असणार. कितीदा सांगितलंय, पहिल्या गिअरवर घ्यायची, चाक दगडावर चढवायचं, दगड मधोमध घ्यायचा नाही. हल्लीच्या पोरांना गाडी म्हणजे नुसतं स्टिअरिंग वाटतं, खाली पोट आहे हे त्यांच्या गावीही नसतं. मेहुणा गप्प होता. इतकी वर्षं ज्याच्या तोंडाचा पट्टा बंद झाला नाही तो आज गप्प बसलाय, याचाही मेस्त्रीला राग आला.

डांबर संपलं. पुढे कच्ची वाट, मग ती वाटही नव्हे. पिकअपचं पोट दोनदा घासलं तेव्हा मेहुण्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, की ओझं कमी करायला हवं, दाजी, तुम्ही जरा पायी चला. मेस्त्री उतरला. एकेचाळीस वर्षांत हजारो गाड्या खालून बघितलेला हा माणूस अशा वाटेवर कधी पायी चालला नव्हता. त्याच्याकडे गाड्या यायच्या त्या शहरातून, आणि शहरातच परत जायच्या.

चालताना त्याची नजर सवयीनं खाली गेली आणि तिथंच राहिली.

वाटेच्या मधोमध दगड होते. सुटे नव्हते, जमिनीतून वर आलेले, बसलेल्या म्हशीच्या खांद्यासारखे. चाकं दोन्ही बाजूंच्या चाकोरीत गेली की दगड मधोमधच येणार, त्याला चालवणाऱ्याचा इलाज नव्हता. एका बाजूला भिंतीसारखा चढ, दुसऱ्या बाजूला दरी. चाक दगडावर चढवायला जागाच नव्हती. आणि जवळजवळ प्रत्येक दगडाच्या डोक्यावर खुणा होत्या. कुठं पांढऱ्या रंगाचा फराटा, कुठं लाल, कुठं चेंबरच्या धातूची चंदेरी रेघ, आणि एका दगडावर जुन्या तेलाचा काळा डाग खालपर्यंत ओघळून वाळलेला. मेस्त्री थांबला. त्यानं तो डाग अंगठ्यानं घासून पाहिला. मग पुढचा दगड पाहिला, मग त्याच्या पुढचा. दोनशे पत्रे उलटे करून त्यानं जे शोधलं होतं ते सगळं इथं लिहून ठेवलेलं होतं. ज्यांचे पत्रे खड्ड्यांनी भरलेले होते त्या गाड्या त्याच्या गॅरेजात कधी आल्याच नव्हत्या. त्या इथंच होत्या.

जुळवलेलं भाषण त्याच्या तोंडातच वाळलं.

लेकीची गाडी वळणावर उभी होती. लेक तिथं नव्हती. झाडाच्या सावलीत एक दूधवाला आपल्या पिकअपला टेकून बसला होता. पठारावरचं दूध तो रोज खाली नेत असे. त्यानं सांगितलं, की डॉक्टरीणबाई लसीची पेटी डोक्यावर घेऊन पायीच वस्तीवर गेल्या, गुरं बांधून ठेवली होती, लस गरम झाली असती. तेलाचा लाल दिवा लागल्या क्षणी त्यांनी इंजिन बंद केलं, हेही त्यानं कौतुकानं सांगितलं. दुसरा कुणी असता तर पाच मिनिटं रेटून इंजिनाची राख केली असती.

मेस्त्री गाडीखाली शिरला. चेंबरला करंगळीएवढी चीर पडली होती, बरोबर पुढच्या कोपऱ्यात. दगड केवढा होता, कुठून लागला, हे त्याला डोळे मिटूनही कळलं असतं. जाड पत्रा, दोन बोटं अंतर, सांगाड्यावर बसवलेला, एवढं असतं तर पत्र्याला पोचा आला असता आणि गाडी पुढे गेली असती. त्यानं राहिलेलं तेल काढलं, चिरेची जागा पेट्रोलनं पुसून कोरडी केली, चीर बुजवायला साबणाची वडी तिच्यावर दाबून दाबून घासली आणि पुट्टी मळायला घेतली.

तेवढ्यात लेकीची पावलं दिसली. मातीनं भरलेली, दमलेली.

दूधवाला तिला म्हणाला, "काम झालं ना? बरं झालं. पण डॉक्टरीणबाई, तुम्हाला असली उघडी गाडी घेऊन वर यायला कुठल्या शहाण्यानं सांगितलं? शहरातला मेस्त्री असणार कुणीतरी. त्या लोकांना बंगल्याच्या दारापुढचा उतार म्हणजे डोंगर वाटतो."

मेहुणा खाकरला. गाडीखालचे मेस्त्रीचे हात थांबले. त्याचे पाय बाहेर होते, गुडघ्यापर्यंत, आणि त्या पायांवरून लेकीनं त्याला ओळखलं असणार.

"कुणी नाही," लेक म्हणाली. "माझंच चुकलं. दगड बघायला हवा होता."

दूधवाल्याला ते पटलं नाही. इथं दगड बघून काय करता, म्हणाला, त्याला नमस्कार करून जाता का? आणि मग त्यानं आपल्या पिकअपखाली काय आहे ते बघायला सगळ्यांना बोलावलं. मेस्त्री पुट्टी लावून बाहेर आला आणि त्याच्या गाडीखाली गेला. जुन्या पाण्याच्या टाकीचा जाड पत्रा कापून दूधवाल्यानं तो सांगाड्यावर बसवला होता. बोल्टखाली भोक होतं. त्या भोकातून तेलाचे थेंब खाली पडत होते, म्हणजे फडकंही नव्हतं. मध्ये दोन बोटं सहज शिरत होती. खालची बाजू म्हणजे ठोकून ठोकून वाकडी झालेली परात होती, कुठं मूठ बसेल एवढे खड्डे. वरचं चेंबर अगदी जसंच्या तसं होतं. मेस्त्रीनं सवयीनं हात फिरवला आणि खोट काढायला काही मिळतंय का ते बघितलं. एक बोल्ट ढिला होता. तो त्यानं आवळून दिला आणि बाहेर आला.

पुट्टी वाळल्यावर नवं तेल भरलं आणि गाडी हळूहळू खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आंघोळीला गेली होती. बायकोनं चहा ठेवला आणि सहज म्हणाली, की हिच्या कचेरीतल्या मोठ्या बाईंना मेस्त्रीचं पत्र लागतंय म्हणे.

"पत्रा?" मेस्त्री कडाडला. "लागला असता तर बरं झालं असतं, आता काय लागतोय?"

"पत्र हो, पत्र. कागदाचं," बायको म्हणाली. "गॅरेजच्या चुकीनं गाडी बंद पडली असेल तर ते धरत नाहीत. तिचीच चूक असली तर धरतात. तिनं तर लिहूनही ठेवलंय, बघा तिथं."

टेबलावर छापील कागद होता. 'वाहन बंद पडण्याचे कारण' या रकान्यात लेकीनं टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चालकाचा अंदाज चुकला.' खाली सहीही केली होती. दिव्यांची एक चूक आणि ही दुसरी. हा कागद पोचला की नोकरी गेली.

लेक केस पुसत बाहेर आली. त्यानं कागदावर बोट ठेवून विचारलं, हे काय. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, पत्रा नसला की माणूस दगड बघतो. मला नाही दिसला."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मेस्त्रीला उत्तर देता आलं असतं, टोमण्यांची उत्तरं त्याच्याकडे नेहमी तयार असायची. तो उठला, गॅरेजात गेला, बिलाच्या पुस्तकातला एक कागद फाडून तिथंच उभ्या उभ्या खरडला आणि लेकीबरोबर तिच्या कचेरीत निघाला.

मोठ्या बाई खोलीत एकट्याच होत्या. त्यांनी मेस्त्रीला बसा म्हटलं नाही. खुर्चीला कापडी गादी होती, त्याची पँट पाहून त्यांनी त्या खुर्चीकडे एक नजर टाकली तेवढीच. कागद त्यांनी कोपऱ्याला धरून उचलला. त्यावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. त्या मोठ्यानं वाचू लागल्या. 'सदर गाडीस जो पत्रा होता तो निकृष्ट दर्जाचा व चुकीच्या पद्धतीने बसवलेला होता, समोरच्या दुकानाचे काम. त्यामुळे तो काढणे भाग पडले. नंतर दगड लागून चेंबर फुटले. चालकाचा दोष नाही.'

"मग दोष कुणाचा?" बाईंनी विचारलं. "समोरच्या दुकानाचा? ते दुकान कुणाचं?"

लेक म्हणाली, "माझ्या मामाचं."

"छान. म्हणजे घरातलाच खेळ आहे. मग मामाचंही पत्र आणा. तो म्हणेल मेस्त्रीचा दोष." बाईंनी कागद टेबलावर टाकला आणि पहिल्यांदा मेस्त्रीकडे नीट पाहिलं. "किती वर्षं करता हे काम?"

"एकेचाळीस."

"एकेचाळीस वर्षं. आणि डोंगरात जाणाऱ्या गाडीला खालून काय लागतं ते कळलं नाही?"

मेस्त्रीच्या जिभेवर खूप काही आलं. या बाईंनी आपली स्वतःची गाडी खालून कधी तरी पाहिली असेल का, असं विचारावंसं वाटलं. हे असलं टेबलामागचं शहाणपण त्यानं जन्मभर गाडीखालून ऐकलं होतं आणि जन्मभर त्याला पुरून उरला होता. टेबलाखाली त्याला बाईंच्या चपला दिसत होत्या, आणि त्या चपलांबद्दलही त्याचं मत होऊन गेलं होतं. पण शेजारी लेक उभी होती.

"नाही कळलं," तो म्हणाला.

बाईंची वादाची तयारी होती, याची नव्हती. मग त्यांनी खणातून एक कोरा कागद काढला.

"हा डागाळलेला मी फाइलला लावू शकत नाही. स्वच्छ लिहा. पत्रा कुणी काढला, का काढला, आणि काढल्यावर दुसरा चांगला का नाही लावला. तीन गोष्टी. गॅरेजची चूक असेल तर हिच्या नावावर मी धरणार नाही, पण स्पष्ट लिहिलेलं हवं."

बाहेरच्या नळावर मेस्त्रीनं हात धुतले. दोनदा साबण लावला. तळवे निघाले, रेघांतलं आणि नखांच्या कडांचं काळं निघालं नाही. ते कधीच निघत नसे. ओले हात हवेत धरून तो परत आला आणि भिंतीकडेच्या उंच टेबलाशी उभा राहिला. वर पंखा फिरत होता, कागद उडायला बघत होता. त्यानं दाबायला डावा हात पुढे केला, बोटांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

लेक टेबलाच्या कडेला येऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हातांच्या बोटांनी कागदाचे वरचे दोन कोपरे दाबून धरले.

मेस्त्री लिहू लागला. कागदाला फक्त पेनाचं टोक लागत होतं. समोरच्या दुकानाचं नाव या वेळी त्यानं घेतलं नाही. पत्रा मी काढला. माझा समज असा होता की पत्र्याची गरज नसते. वरची वाट मी कधी पाहिली नव्हती. त्याला अक्षर गिरवून लिहायची सवय नव्हती, पेन मधेच अडत होतं, आणि मागे बाई घड्याळाकडे बघत होत्या. तिसरी गोष्ट राहिली होती. तो थांबला, मग त्यानं लिहिलं, चालकाने जाड पत्रा बनवून मागितला होता, मी दिला नाही.

लेक कागदाकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. पण ओळ संपली की तिला कळत होतं, आणि ती कागद एक बोटभर वर सरकवत होती.